हौशी नाटकाच्या तालमी : गैरहजरांच्या दिग्दर्शनाचे शास्त्र

हौशी नट म्हणजे जो पोटासाठी बँकेत, शाळेत, पंचायत समितीत किंवा औषधांच्या दुकानात काम करतो, नाटकापायी जो कामावरून लवकर सटकतो असे त्याच्या साहेबांना वाटते आणि कामापायी जो तालमीला उशिरा येतो असे दिग्दर्शकाला वाटते, तो. ही दोन्ही मते एकाच वेळी खरी असू शकतात. मधल्या वेळात तो नेमका कुठे असतो, हा प्रश्न मात्र अभ्यासकांनी अद्याप हाती घेतलेला नाही. दिग्दर्शनावरचे ग्रंथ बहुधा समोर उभ्या असलेल्या नटाचा विचार करतात, पण हौशी रंगभूमीवर दिग्दर्शकाचा निम्म्याहून अधिक वेळ त्या क्षणी तिथे नसलेल्या नटाशी व्यवहार करण्यात, म्हणजे त्याला फोन लावण्यात, त्याच्या जागी दुसऱ्याला उभे करण्यात आणि तो आला तर काय बोलायचे हे ठरवण्यात जात असल्यामुळे, हौशी दिग्दर्शक हा मूलतः गैरहजरांचा दिग्दर्शक असतो, हा या शास्त्राचा पहिला सिद्धान्त मानावा लागतो.

या सिद्धान्ताला थोरांचा आधार आहे. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये अथेन्सचे कारागीर राजेसाहेबांच्या लग्नासाठी नाटक बसवतात, त्यांचा दिग्दर्शक क्विन्स हा सुतार, आणि नायक बॉटम हा विणकर, ज्याला नायकाबरोबरच नायिकेचीही भूमिका हवी असते आणि सिंहाचीही. ऐन तालमीत त्याच्या धडावर गाढवाचे डोके येते, बाकीची मंडळी जीव घेऊन पळतात, आणि नायकच बेपत्ता झाल्याने प्रयोग होतो की नाही अशी वेळ येते. १९६७ साली ‘रंगायन’ने रंगमंचावर आणलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये तर पात्रेच हौशी मंडळाची आहेत: एक नट आजारी पडून आलेला नाही, त्याच्या जागी गावातल्या सामंतला उभे करायचे असते, त्याला कोर्टाची रीत कळावी म्हणून खोटा खटला भरवला जातो, आणि तो खटला ज्यांच्यामुळे खराखुरा जिव्हारी लागतो ते प्रोफेसर दामलेही शेवटपर्यंत उगवत नाहीत. मराठीतल्या एका श्रेष्ठ नाटकाचा सारा पेच दोन गैरहजर इसमांवर उभा आहे, ही गोष्ट राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची तयारी करणाऱ्या प्रत्येक संस्थेने धीर यावा म्हणून ध्यानात ठेवावी.

संहितेची निवड, म्हणजे कोणते नाटक करायचे याचा निर्णय, तत्त्वतः साहित्यिक मूल्यांवर आणि प्रत्यक्षात माणसे मोजून होतो. दिग्दर्शकाने पात्रांची यादी आधी वाचावी आणि नाटक नंतर. पुरुष पाच आणि स्त्रिया चार असे दिसल्यास नाटक कितीही थोर असले तरी पुस्तक मिटून ग्रंथालयात परत करावे. भूमिकावाटपात क्विन्सचे धोरण आजही मार्गदर्शक आहे. पाठांतर कच्चे असलेल्या नटाने सिंहाचे काम लिहून मागितले तेव्हा त्याने त्यात नुसती डरकाळीच आहे असे सांगून त्याला निश्चिंत केले, आणि सगळ्याच भूमिका मागणाऱ्याला त्याने नाही म्हटले नाही, तर नायक देखणा आणि खानदानी असल्याने त्याला दुसरा कोणी शोभणारच नाही असे पटवले. हौशी मंडळींना मानधन नसते, उलट काही ठिकाणी तेच वर्गणी देतात. त्यामुळे व्यावसायिक नाटकात ‘नाइट’ कापली जाण्याची, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे बुडण्याची, जी भीती असते ती इथे उपलब्ध नाही, आणि क्विन्सच्या पद्धतीची स्तुती हेच दिग्दर्शकाच्या हातातले एकमेव नाणे उरते. ते जपून खर्चावे. पहिल्या आठवड्यातच ‘उत्तम’ म्हणून टाकल्यास शेवटच्या आठवड्यासाठी शब्द उरत नाही.

वेळेचा प्रश्न सर्वांत नाजूक. तालीम सातला ठरवली की मंडळी साडेआठला जमतात, म्हणून ती साडेपाचला ठरवावी असे काही दिग्दर्शकांना सुचते. परंतु मंडळींनाही गणित येते, आणि मग ती नऊला येतात. यावर शास्त्रशुद्ध उपाय एकच आहे, आणि तो करायला कंटाळा येतो एवढाच त्याचा दोष. नाटकाचे अंकांऐवजी छोटे तुकडे पाडावेत, प्रत्येक एन्ट्री किंवा एक्झिटला, म्हणजे पात्र मंचावर येते वा जाते तिथे, नवा तुकडा सुरू झाला असे धरावे, कोणत्या तुकड्यात कोण आहे याचा तक्ता करावा, आणि त्या त्या संध्याकाळी तेवढ्याच माणसांना बोलवावे. तिसऱ्या अंकात दोन वाक्ये बोलणाऱ्या पोस्टमनला रोज बोलावून कोपऱ्यातल्या बाकावर बसवले की चौथ्या दिवसापासून तो मोबाइल पाहू लागतो, सातव्या दिवसापासून इतरांना अभिनय शिकवू लागतो, आणि पुढे तो येईनासा झाला की त्याला निष्ठा नव्हती असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरते.

या तक्त्यात स्त्रीभूमिकांचा विचार वेगळा करावा लागतो. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’मधून स्त्रियांनी स्त्रीभूमिका करण्याचा पायंडा प्रतिष्ठेने पडला; तालमीची वेळ मात्र अजून पुरुषांच्या सोयीनेच ठरते. घरचा स्वयंपाक उरकून जी वेळेवर पोहोचते आणि जिला साडेनऊला निघायचे असते, तिचाच प्रवेश नऊ वाजून वीस मिनिटांनी घेण्याची प्रथा इतकी सार्वत्रिक आहे की तिला रूढी म्हणायला हरकत नाही. जी वेळेवर आली तिचा प्रवेश आधी घ्यावा, हा नियम लिहून भिंतीवर लावावा. तो वाचून पुरुष नट वेळेवर येतील असे नाही, पण निदान नायिकेची बदली करण्याची पाळी येणार नाही.

न आलेल्या नटाच्या जागी जो उभा राहतो त्याला प्रॉक्सी म्हणतात. हा बहुधा प्रॉपर्टी, म्हणजे मंचावर लागणारे सामान, सांभाळणारा कॉलेजचा मुलगा असतो. संहिता हातात धरून तो कधी सासरे होतो, कधी वकील, कधी भूत, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अख्खे नाटक तोंडपाठ असलेला तो संस्थेतला एकमेव माणूस ठरतो. परंपरेने त्याला भूमिका दिली जात नाही. कारण विचारल्यास तो बॅकस्टेजला लागतो असे सांगितले जाते, आणि ते खरेही असते.

हालचाली बसवताना, म्हणजे कोणत्या वाक्यावर कोणी कुठे जायचे हे ठरवताना, दिग्दर्शकाला स्वतः करून दाखवण्याचा मोह होतो. तो आवरावा. करून दाखवले की नट हुबेहूब तसेच करतो, आणि प्रयोगात एकाच दिग्दर्शकाच्या सहा आवृत्त्या एकमेकींशी बोलताना दिसतात. त्यापेक्षा त्या पात्राला समोरच्याकडून नेमके काय हवे आहे हे विचारावे. नटाला उत्तर येत नसेल तर बहुधा ते दिग्दर्शकालाही येत नसते, आणि मग दोघांनी मिळून संहिता वाचण्याचा दुर्मीळ योग जुळून येतो. सूचना देण्याचा हक्क मात्र एकाच तोंडाला असावा. सलग तालीम संपताच खजिनदार, नायिकेचे यजमान आणि एकेकाळी अभिनयाचे रौप्यपदक मिळवलेले ज्येष्ठ सभासद असे तिघेही नायकाला तीन वेगवेगळ्या जागी पॉज घ्यायला सांगतात, आणि आज्ञाधारक नायक तिन्ही ठिकाणी घेतो. नाटक अकरा मिनिटांनी वाढते.

पाठांतराच्या बाबतीत दिग्दर्शकाने आधी नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय वाचावा. पहिल्याच प्रयोगात आपला पराभव दाखवलेला पाहून असुर चिडले आणि विघ्नांच्या साह्याने त्यांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती जखडून टाकली, अशी कथा तिथे आहे. यावरून नोव्हेंबरात कोणत्याही तालुक्याच्या सभागृहात दिसणारी तिन्ही लक्षणे भरतमुनींना ठाऊक होती हे सिद्ध होते. इंद्राने आपल्या ध्वजाच्या काठीने, म्हणजे जर्जराने, विघ्नांना झोडपले. हौशी दिग्दर्शकाला ही सोय नाही, म्हणून त्याने एक तारीख ठरवून त्या दिवसापासून हातातल्या संहिता काढून घ्याव्यात आणि प्रॉम्प्टरला, म्हणजे विंगेतून वाक्य पुरवणाऱ्याला, मागितल्याशिवाय तोंड उघडण्यास मनाई करावी. प्रॉम्प्टरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो आणि नटाचा पोहोचत नाही, हा अनुभव इतका सर्वदूर आहे की कास्टिंगच चुकले असावे अशी शंका येते. याहून उपयोगी एक कवायत आहे, पण ती फारसे कोणी करत नाही: एखाद्या संध्याकाळी मुद्दाम एका नटाला दोन पाने गाळायला सांगावे आणि बाकीच्यांनी त्याला मूळ जागी परत आणावे. ज्या संचाला पहिल्या अंकातून थेट तिसऱ्यात गेलेल्या काकांना बोलता बोलता मागे आणता येते, त्या संचाला स्पर्धेत घाबरण्याचे कारण उरत नाही.

नेपथ्य प्रयोगाच्या दिवशीच प्रथम दिसणार हे गृहीत धरून पहिल्या दिवसापासून जमिनीवर खऱ्या मापाने खडूच्या रेघा आखाव्यात आणि दार कोणत्या बाजूला उघडते हेही ठरवून टाकावे. तसे न केल्यास रंगीत तालमीत, म्हणजे वेशभूषा, प्रकाश आणि संगीतासह होणाऱ्या अखेरच्या तालमीत, महिनाभर आत येणारे पात्र दार ओढत राहते आणि दार ढकलायचे असते. सोफा ज्याच्या घरून आणायचा त्याला निदान एक वाक्य द्यावे. सोफा वेळेवर येतो.

राहता राहिली कागदपत्रे. लेखकाचे परवानगीपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे बोलीभाषेत सेन्सॉरचे, प्रमाणपत्र यांच्यावाचून पडदा वर जात नाही. ही फाइल अध्यक्षांकडे ठेवल्यास ते नेमके त्याच दिवशी पुतण्याच्या साखरपुड्याला जातात, नायकाकडे ठेवल्यास ती त्याच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये राहते आणि दिग्दर्शकाकडे ठेवल्यास ती चहाच्या टपरीवर सापडते. ती प्रॉक्सी करणाऱ्या मुलाकडे द्यावी. आणि तिची एक झेरॉक्स सोफेवाल्याकडे.