मामाचा नाताळ

आमच्या घरी नाताळ आला तो अमेरिकन कंपन्यांच्या रजेच्या नियमांमुळे. मामा डेट्रॉइटला नोकरीला. त्याला गणपतीला रजा नाही, दिवाळीला नाही, आणि भाऊबीज म्हणजे काय हे साहेबाला समजावण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. सुट्टी मिळायची ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्यामुळे आई त्याला ओवाळायची ती दिवाळीचे कंदील माळ्यावर गेल्यावर, आणि सांगलीत आमच्या एकट्याच घरात भाऊबीज व नाताळ एका ताटात उरकले जायचे.

विमानात तेव्हा माणशी दोन बॅगा, प्रत्येकी ७० पौंडांच्या. या पौंडांवर पहिला हक्क मोठ्यांचा. नायलॉनच्या साड्या, दाढीची पाती, बदाम, टँगच्या बरण्या, आजीच्या गुडघ्यांचं मलम, हे सगळं बसून जिथे फट राहील तिथे आमची खेळणी, तीही मोज्यांत कोंबून. वजन वाचवायला मामी खेळण्यांची खोकी तिकडेच टाकून यायची. खोक्याबरोबर कसं खेळायचं याचा कागदही जायचा. म्हणून प्रत्येक खेळण्याचं नेमकं काय करायचं हे आमच्या घरी बहुमताने ठरे, आणि मतदानाचा हक्क फक्त मोठ्यांना होता.

वेष्टणाचा चकचकीत कागद मात्र मामी न चुकता घालायची. त्यावर सांताक्लॉज, हरणं, बर्फ. आम्ही तो फाडायला जाणार एवढ्यात आजी ओरडे, "थांबा रे, राक्षसांनो!" मग ती नखाने चिकटपट्टी सोलून कागद अखंड सुटा करी आणि गादीखाली दडपून ठेवी. जूनमध्ये त्याची वह्यांना कव्हरं होत. आठवीत माझ्या संस्कृतच्या वहीवर सांताक्लॉज आला. सरांनी वही उचलून धरली, पांढरी दाढी न्याहाळली आणि विचारलं, "हे कोणते ऋषी?"

"मामाकडचे," मी म्हणालो.

१९८२च्या डिसेंबरात आली स्लिंकी. नुसती लोखंडी स्प्रिंग, पण पायरीवर ठेवून वरचं टोक खालच्या पायरीवर टाकलं, की कोलांट्या घेत आपली आपण जिना उतरते. मामाने तिचा इतिहास सांगितला. फिलाडेल्फियात रिचर्ड जेम्स नावाचा नौदलाचा इंजिनिअर होता. १९४३ मध्ये त्याच्या हातून एक स्प्रिंग फळीवरून पडली आणि पडण्याऐवजी चालायला लागली. १९४५च्या नाताळाच्या मोसमात तिथल्या गिंबेल्स दुकानात त्याने ती मांडली, तर दीड तासात ४०० खपल्या. बाबांना खेळण्यापेक्षा माहिती जास्त आवडायची. त्यांनी ती आल्यागेल्याला सांगायला सुरुवातही केली. स्लिंकी अजून एक पायरी उतरली नव्हती.

कारण पायरी कुठली? आमचा माळ्याचा जिना इतका उभा की त्यावर स्लिंकी उतरायची नाही, सरळ पडायची. कृष्णेच्या घाटावर नेली, तर घाटाच्या पायऱ्या ऐसपैस. एक कोलांटी घेऊन ती जी आडवी झाली, ती पोहायला आलेल्या पोरांनी उचलून हातात देईपर्यंत हलली नाही. शेवटी मामाचं लक्ष बाबांच्या कपाटाकडे गेलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली निघणाऱ्या मराठी विश्वकोशाचे खंड बाबा भक्तिभावाने घेत. एकेक खंड उशीएवढा. एकावर एक चार, शेजारी तीन, मग दोन, मग एक. दहा खंडांत चार पायऱ्या होतात. बाबा आधी "अहो, विश्वकोश आहे तो" म्हणाले, पण स्लिंकी जेव्हा खण्‌ खण्‌ करत चारही पायऱ्या उतरली, तेव्हा टाळी त्यांनीच पहिली वाजवली. पुढचा खंड कधी निघतो म्हणून आम्ही भावंडांनी ज्या आतुरतेने वाट पाहिली, तशी विश्वकोशाच्या वाईच्या कार्यालयातही कोणी पाहिली नसेल.

स्लिंकीचा एक अवगुण. तिला एकदा गाठ बसली की बसली. आमच्या स्लिंकीला ती संक्रांतीच्या आतच बसली. मग बाबांनी तिचं एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं रेडिओला बांधलं. आकाशवाणीचं सांगली केंद्र तारेवाचूनही दणदणीत लागे, प्रश्न बुधवारी रात्रीच्या सिलोनचा होता. स्लिंकी लावल्यावर बिनाका गीतमाला शेजारच्यांनाही ऐकू जाऊ लागली. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकन सैनिक स्लिंकी झाडावर फेकून तिची एरियल करत, हे मी फार पुढे वाचलं. बाबांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "मग? आपण काय वेगळं केलं?"

विजेच्या आगगाडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण ती फार चालली नाही. तिकडची वीज ११० व्होल्ट, आपली २३०. मामा म्हणत होता, मधे ट्रान्सफॉर्मर लागेल. शेजारचे वायरमन काका म्हणाले, "काय होत न्हाई, चालतंय." आणि चालली. आमच्या पाहण्यात इतक्या वेगाने धावलेली, खरोखरचा धूर सोडणारी ती एकमेव गाडी. त्यानंतर आम्ही ती सुतळीने ओढायचो आणि मिरज जंक्शनवर नेमाने उशिरा पोचवायचो.

१९८३च्या नाताळात अमेरिकेत एका बाहुलीवरून मारामाऱ्या झाल्या. कॅबेज पॅच किड्स तिचं नाव. दुकानांत मोठी माणसं एकमेकांना ढकलून, ओरबाडून बाहुल्या मिळवत होती. आमची मामी नऊवारीतल्या आईची मुलगी, तिने त्या गर्दीतून माझ्या बहिणीसाठी एक काढलीच. कशी काढली ते तिने सांगितलं नाही, पण त्या वर्षी तिच्या उजव्या हाताचा अंगठा सुजलेला होता. बाहुलीचा चेहरा गोल, डोळे बारीक, नाक नावापुरतं. आजीने पाहताक्षणी विचारलं, "बरी आहे ना ती?"

खरी गंमत तिच्या कागदपत्रांत होती. ही बाहुली विकत घ्यायची नसते, दत्तक घ्यायची असते. सोबत नाव छापलेला जन्मदाखला, दत्तकपत्र, खाली सही करायला जागा. आजी सावरून बसली. संस्थानच्या गावात आयुष्य गेलेली बाई, दत्तक म्हटल्यावर ती गप्प बसणार होती थोडीच! "गोत्र कुठलं?" तिने विचारलं. मामाने कागद उलटसुलट पाहिला. गोत्राचा रकाना नव्हता. "मग विधी कसा होणार? आणि मुलगी दत्तक घेऊन इस्टेटीचं काय?" इस्टेट म्हणजे ती सुतळीची आगगाडी. शेवटी रीतसर बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, छापील इंग्रजी नाव रद्द होऊन बाहुली दुर्गा झाली. बहीण मात्र दत्तकपत्र हातात धरून विचारात पडली होती. तिला बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलं आहे, असं मी तिला लहानपणापासून पटवत आणलं होतं. आता तिने आईकडे जाऊन हात पुढे केला, "माझा कागद कुठंय?"

पण आमच्या घरातलं सर्वांत मोठं खेळणं, मानाने मोठं, ते एच-अ-स्केच. डेट्रॉइटच्या शेजारच्या ओहायो राज्यात बनायचं. आंद्रे कासान्य नावाच्या फ्रेंच इलेक्ट्रिशियनने ते शोधलं आणि १९६०च्या नाताळापासून ते अमेरिकेत घरोघर गेलं. लाल चौकट, राखी काच, खाली दोन पांढऱ्या चकत्या. काचेला आतून ॲल्युमिनियमची भुकटी चिकटलेली असते. डावी चकती फिरवली की आतली सुई आडवी रेघ खरवडते, उजवी फिरवली की उभी. उलटं करून हलवलं की सगळं पुसतं. म्हणजे मूल कितीही वेळा बिघडवू शकेल असं हे खेळणं. ते आमच्या घरी आलं, यात त्याचं नशीब फुटकं.

नवी वस्तू आली की तिच्यावर आधी 'श्री' लिहायचं. वहीवर लिहितात, हिशेबाच्या चोपडीवर लिहितात, तसं यावरही. सुई उचलता येत नाही, आणि वळणदार रेघ हवी तर दोन्ही चकत्या एकदम, मापात फिरवाव्या लागतात. एका माणसाचं ते काम नव्हे. म्हणून डावी चकती बाबांकडे, उजवी मामाकडे. "दाजी, सावकाश! वर चाललोय मी." "तुम्ही वर कशाला चाललात? अजून शेंडी व्हायचीय!" मेव्हण्या-मेव्हण्यांत इतका जवळचा संबंध त्याआधी लग्नाच्या याद्या करतानाच आला असेल. शिरोरेषेला दोघांनी श्वास घेतला, ती एकट्या बाबांची होती. जेवणं खोळंबली. दुपारी अडीचला 'श्री' पुरा झाला. कोपऱ्याकोपऱ्यांचा, थोडा मोडीच्या वळणाचा, पण श्रीच.

आता माझी पाळी म्हणून मी ते हलवायला उचललं आणि आजीची किंकाळी आली. "श्री पुसतोस?"

तिथे तो विषय संपला. पाटी श्रीसकट शोकेसमध्ये गेली. आमच्या शोकेसला काच होती, काचेला कुलूप, कुलपाची किल्ली आईच्या कमरेला. पाहुणे आले की बाबा आतल्या वस्तू बोटाने दाखवत, आणि पाहुण्यांचं पोर रडायला लागलं की चहा आत नेऊन विषय बदलला जाई. १९७७च्या नाताळात स्टार वॉर्सच्या बाहुल्या वेळेवर तयार झाल्या नाहीत, तर केनर कंपनीने पोरांना नुसती पाकिटं विकली, आत बाहुल्या पुढच्या वर्षी पाठवू अशी हमी. मामा हे हसत सांगायचा. आम्हाला हसू येत नसे. खेळणं असणं आणि खेळायला मिळणं यांत तेवढं अंतर असायचंच, असं आम्ही धरून चाललो होतो. खंडेनवमीला मात्र पाटी बाहेर निघे. हळद-कुंकू वाहिलं जाई, झेंडूचं फूल ठेवलं जाई, आणि मला चकत्यांना हात लावायची परवानगी मिळे. फिरवायची नव्हे.

मग एका दिवाळीच्या साफसफाईत कामाच्या मावशींनी शोकेस रिकामी केली आणि पाटी उपडी करून चांगली झटकून पुसली. "आज्जी, आतलं अक्षार गेलं की वो!" आजी दिवसभर बोलली नाही. मी मात्र डिसेंबरची वाट पाहत होतो. राखी, कोरी, मोकळी पाटी.

मामा आला. चहाही न घेता त्याने पाटी मागितली. या खेपेला दोन्ही चकत्या त्याच्या एकट्याच्या हातात होत्या. आम्ही भोवती जमलो. त्याने दोन डोंगर काढले, मग घर, मग झाड, आणि शेवटी डोंगरांच्या मधोमध सूर्य. गोल काही जमेना, सूर्य चौकोनी आला, पण किरणं फार सुरेख सरळ आली.

आजीने चष्मा लावून निरखून पाहिलं. "हा सूर्यनारायण का रे?"

मामाने हो म्हणायला नको होतं.