फक्त एक टिंब

ऑफिसात मला 'सर' म्हणतात, यात माझ्या ज्ञानापेक्षा माझ्या टकलाचा वाटा मोठा आहे. ही पदवी टिकावी म्हणून मी सहसा कुणाला काही विचारत नाही. एका ब्रांचवरची फाइल दुसऱ्या ब्रांचवर कशी आणायची, हेही विचारलं नव्हतं. माझी आपली देशी पद्धत होती. ब्रांच बदलायची, फाइल डेस्कटॉपवर टाकायची, परत आपल्या ब्रांचवर यायचं आणि तिथे पेस्ट करायची. डेस्कटॉपवर 'रिपोर्ट_नवा', 'रिपोर्ट_नवा_खरा' आणि 'रिपोर्ट_हाच_घ्या' गुण्यागोविंदाने नांदत होते.

शेजारच्या ज्युनिअर मुलीने एकदा हे पाहिलं.

"सर, हे काय करताय?"

"बॅकअप," मी म्हणालो.

ती जागेवरून उठल्यावर गुपचूप शोधाशोध केली. जीएसटीच्या हिशेबाची एकच फाइल तिच्या ब्रांचवरून हवी होती. मर्ज केलं तर एका पाहुण्यापायी अख्खं वऱ्हाड घरात. चेरी-पिक करावं, तर त्या कमिटमध्ये तिने आणखी बरंच काही कोंबलेलं. शेवटी सापडली ती कमांड फारच सुटसुटीत निघाली: गिट चेकआउट, तिच्या ब्रांचचं नाव, दोन डॅश आणि फाइलचा पाथ. माल कुठून आणायचा एवढंच सांगायचं. तो येऊन पडतो आपण ज्या ब्रांचवर आहोत तिथे, जुन्या मालाच्या डोक्यावर.

पाथ मात्र फोल्डरात फोल्डर असा लांबलचक होता. टाइप करायचा आला कंटाळा, म्हणून त्याच्या जागी टिंब दिलं. टिंब म्हणजे 'इथलं सगळं'.

रिसायकल बिनसुद्धा रिकामा होताना 'नक्की ना?' म्हणून विचारतो. चेकआउट तेवढंही विचारत नाही. इतके इतके पाथ अपडेट केले, अशी एक ओळ उमटली. एका फाइलच्या मानाने आकडा जरा भरघोस वाटला, म्हणून खात्रीसाठी गिट डिफ मारलं. काहीच दिसेना! म्हणजे सगळं जागच्या जागी आहे, असं समजून मी चहाला गेलो. असा आणलेला माल थेट स्टेज होतो आणि साधं डिफ स्टेज झालेलं दाखवतच नाही, हे ज्ञान चहानंतरचं.

परत येऊन प्रोग्रॅम चालवला, तर त्याने लाल अक्षरांत थैमान घातलं. मी नव्याने केलेल्या फाइली तिच्या ब्रांचवर नव्हत्याच, त्यामुळे त्या शाबूत होत्या. त्या ज्या फंक्शनांना हाका मारत होत्या, ती मात्र सकाळच्या बाकी कामासकट गडप झाली होती.

'गिटमधून काही हरवत नाही' असं नव्या पोरांना मीच सांगतो. ते खरंही आहे, पण कमिट केलेल्यापुरतं. रीफ्लॉगमध्ये एरवी 90 दिवसांपर्यंतच्या नोंदी मिळतात. माझं काम त्यात कुठून असणार? चेकआउटवर दोन भलतीच कामं लादली आहेत हे ओळखून ऑगस्ट 2019 मध्ये, गिट 2.23 बरोबर, स्विच आणि रिस्टोर अशा दोन वेगळ्या कमांड आल्या. ते मला त्या दिवशी कळलं. रिस्टोर वापरलं असतं तरी टिंब मी दिलंच असतं म्हणा, आणि रिस्टोर त्या बाबतीत आणखी कडक: तिच्या ब्रांचवर नसलेल्या, पण मी कमिट केलेल्या फाइलीही त्याने साफ केल्या असत्या.

अखेर पदवी बाजूला ठेवून हाक मारली.

"सर, कमिट नव्हतं केलं?"

"चालायला लागलं की करणार होतो."

तिने माझ्या एडिटरची टाइमलाइन उघडली. दर सेव्हला त्याने बिचाऱ्याने एकेक प्रत राखून ठेवली होती. सकाळपासूनच्या माझ्या सगळ्या खटपटी वेळेसकट स्क्रीनवर उतरल्या, आणि एव्हाना मागे चार जण येऊन उभे राहिले होते.

"यातलं चालणारं कुठलं, सर?"

"शेवटचं," मी ठामपणे सांगितलं.

तिने ते चालवून पाहिलं. मग त्याच्या आधीचं. मग त्याच्याही आधीचं.