मानांकनाची चड्डी

(रंगमंचावर पायाची शिलाई मशीन. मागं दोरीवर लहान मुलीच्या चड्ड्या वाळत घातलेल्या. प्रत्येकीला मागं भोक, आणि तेही उजव्याच बाजूला. आजी मशीनवर बसलेली आहे. वय साठीच्या पुढं, नऊवारी नाही, साधी पाचवारी.)

या, बसा. उभं राहायची घाई या घरात कुणालाच नाही.

(दोरीवरची चड्डी काढते, भोकाला डोळा लावून प्रेक्षकांकडं बघते.)

दिसताय. तिसऱ्या रांगेतल्या काकांनी जांभई दिली, तीही दिसली. ही आमच्या चिमीची चड्डी. चिमी म्हणजे माझी नात, वय वीस महिने. चालत नाही. रांगत नाही, कधी रांगलीच नाही. सरकते. कशी? माझे गुडघे परवानगी देत नाहीत, तरी बघा.

(स्टुलावर बसून करून दाखवते.)

उजवा पाय दुमडून बुडाखाली. डावा पुढं लांब. डावा हात जमिनीवर, आणि होडी वल्हवल्यागत हे सुऽऽप! आत्ता देवघरात होती म्हणेस्तोवर न्हाणीच्या दाराशी. पाठ एकदम ताठ. चेहऱ्यावर असा भाव, की तुम्ही लोक उगाच दोन पायांवर तोल सांभाळत बसलाय.

आता सगळं ओझं उजव्या बाजूला. म्हणून भोकं उजवीकडं. डावी बाजू कोरी करकरीत, दुकानात परत दिली तर घेतील.

शेजारच्या काकू रोज विचारतात, "अजून नाही चालत?" मी म्हणते, "नाही. तुमच्या सुनेचं कसं चाललंय?" मग दोन दिवस येत नाहीत. कुणी म्हणतं मालिश करा, कुणी म्हणतं चाकाचा वॉकर आणा. वॉकरला डॉक्टरांनी तोंडावर नाही म्हटलं. म्हणाले, त्यानं पोरं लवकर चालत तर नाहीतच, उलट जिन्यावरनं आणि गॅसपाशी जाऊन आदळतात. कॅनडानं 2004 साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

डॉक्टरांकडं गेलोच होतो. दीड वर्षाला पोर चाललं नाही की दाखवायचं, ही शिस्त आम्ही पाळली. त्यांनी चिमीचे खुबे हलवून बघितले, पाय बघितले. काखेत धरून उभी करायला गेले, तर हिनं पाय टेकलेच नाहीत. दोन्ही पाय पुढं काढून हवेतच बसली! खाली खुर्ची नाही, पाट नाही. डॉक्टर हसले. म्हणाले, "सरकणारी पोरं अशीच बसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत धरून पाच देशांत पोरं पाहिली होती, त्यात शंभरातली चारेक रांगलीच नाहीत. ही चालेल. अशी पोरं बहुतेक दीड-दोन वर्षांच्या आसपास चालतात, कधी थोडं पुढंही जातं. घराण्यात कुणी होतं का असं?"

मी यांच्याकडं बघितलं. हे छताकडं बघायला लागले. माझ्या सासूबाई सांगायच्या, "आमचा बाळ दोन वर्षांचा होईस्तोवर बसूनच सगळीकडं जायचा." पुढं बँकेत लागले. तिथं ती कला कामाला आली.

म्हणजे पोरगी ठणठणीत. दुखणं आहे ते कपड्यांचं! (चड्डी फडकवते.) बाजारातला प्रत्येक कपडा उभ्या पोरासाठी शिवलेला असतो. फार तर रांगणाऱ्याची दया येते, तर गुडघ्याला ठिगळ देतात. आमच्या चिमीला गुडघे आहेत ते निव्वळ शोभेला!

फ्रॉक घातला. ही घेरावर बसली आणि निघाली. दर सरकण्याला मागचा कपडा बुडाखाली ओढला जातो आणि पुढचा गळा वर चढतो. हॉलच्या मध्यावर पोचेस्तोवर गळपट्टी हनुवटीत रुतलेली, पोरगी लाल. फ्रॉक बंद.

इलॅस्टिकची चड्डी घातली. चिमी हॉलमध्ये पोचली. चड्डी स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी राहिली. पाहुणे आले होते, स्थळ बघायला, माझ्या धाकट्या दिराच्या मुलाला. मुलीची आई चड्डी ओलांडून आत आली आणि काही बोलली नाही. लग्न जमलं. चांगली माणसं आहेत.

मामानं मुंबईहून जीन्स आणली. तिला मागं दोन खिसे, खिशाला पितळी बटणं. वीस महिन्यांच्या पोरीला मागचा खिसा कशाला हो? पाकीट ठेवायला? आमच्या घरात शहाबादी फरशी. शहाबाद इथनं जवळच, कर्नाटकात, त्यामुळं सोलापुरातल्या बऱ्याच जुन्या घरांत तीच फरशी. उन्हाळ्यात गारेगार, पण घासायला लागली की दया नाही. त्या फरशीवर ती पितळी बटणं, कर्रर्र... कर्रर्र... हे झोपेतनं उठून म्हणाले, "गिरण सुरू झाली का?"

शेवटी शिंप्याकडं गेले. म्हटलं, मास्तर, मागनं मजबूत अशी चड्डी शिवून द्या. मास्तर गळ्यातली टेप काढून म्हणाले, "माप घेतो. उभी करा."

(थांबते.)

उभी राहिली असती तर तुमच्या दुकानाची पायरी कशाला चढले असते?

मग मीच बसले मशीनवर. आता बायकांनी लक्ष द्या. पुरुषांनीही द्या, शिलाईचे दर वाढलेत. पहिली गोष्ट, मागचं आसन पुढच्यापेक्षा दोन इंच लांब. नाहीतर बसल्यावर कंबर उघडी पडते. दुसरी गोष्ट, मधली शिवण बुडाखाली येऊ द्यायची नाही. शिवण टोचते आणि उसवतेही तिथंच. तिसरी, खांद्यावरनं दोन पट्टे, पाठीवर फुली, बटणं पुढं. आता पोरगी जाईल तिथं चड्डीला जावंच लागतं. आणि पट्टे बटणाचे हवेत, कारण लंगोट बदलायची वेळ सांगून येत नाही.

राहिलं ठिगळ. मांजरपाट टिकेना. कॉर्डरॉयच्या रेघा आठवड्यात सपाट. मग कपाटातनं काढली... (चादर झटकते) सोलापुरी चादर! एका कडेनं विरलेली होती, म्हणून काळजावर दगड ठेवून कात्री लावली. दुहेरी कापड, आडवं. हे ओरडले, "अगं, तिला भौगोलिक मानांकन आहे! सरकारी नोंद आहे!" म्हटलं, असू दे की. दार्जिलिंगच्या चहाला मानांकन आहे, तो आपण पितोच ना?

आणि चादरीवर मोर होता. तो बरोबर मागं आला. आता चिमी निघाली की मोर फरशी पुसत जातो. मोलकरीण म्हणाली, "आजी, माझ्या पगारातनं नका कापू."

संक्रांतीला बोरन्हाण केलं. पहिल्या साली सर्दी होती, म्हणून यंदा. काळं परकर-पोलकं, गळ्यात हलव्याचा हार. आमच्या सूनबाई म्हणाल्या, "आई, आज तरी मोर नको." नको तर नको. डोक्यावरनं ओतलं सगळं, चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभरे, चॉकलेटं. गल्लीतली चालती पोरं तुटून पडली. वाकायचं, उचलायचं, धक्का बसून पडायचं, रडायचं. चिमी जागची उठली नाही. सगळ्या ढिगावरनं सरकत एक चक्कर मारून कोपऱ्यात जाऊन बसली. पोरं गेल्यावर मी तिला उचललं, तर परकराखालनं अख्खं बोरन्हाण निघालं! बोरं चेचलेली, पण माल सगळा हजर.

तेव्हापासनं मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण नीट निरखून बघते. सगळे त्याला रांगता म्हणतात. एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. आता तुम्ही रांगून बघा एका हातात गोळा धरून! दोन पावलांत नाक फरशीला. हातातलं न सांडता पुढं जायचं, तर ते बुडावरच. माझं स्पष्ट मत आहे, यशोदामाईनं त्या काळात पितांबराला मागनं ठिगळ दिलेलं असणार. मूर्तिकारांनी मागची बाजू बघितली नाही, एवढंच.

(दाराकडं वळून) चिमे, तो झारा ठेव खाली!

घरात कार्य नाही, समारंभ नाही, पण लोक येतातच, हातात काहीतरी घेऊन. तर आत्ताच सांगते. बूट आणू नका, तळवे झिजतच नाहीत. फ्रॉक नको. खिशाची जीन्स तर अजिबात नको. आणि "कधी चालणार?" हे विचारायला येणार असाल तर चहा बाहेर पिऊन या. घरात जुनी सोलापुरी चादर पडली असेल, कडेनं फाटकी, तीही चालेल, ती मात्र आणा. रंग गडद बघा. मोर असला तर मधोमध कापू नका, कापायचं माझं मी बघते.

(पडदा)