कोणाचा रे तू?

नागपूरच्या महाल भागात पत्ता विचारला तर पत्ता मिळत नाही. आधी तुमची वंशावळ तपासली जाते. बडकस चौकात थांबून कुणाला नुसतं "अमुक वाडा कुठे हो?" म्हणावं, की तो सायकल भिंतीला टेकवतो, तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतो आणि विचारतो, "कोणाकडे जाऊन राहिले? त्यांचे तुम्ही कोण? म्हणजे इतवारीतल्या वकिलांचे भाचे का?" वाडा सापडायच्या आत तुमची आजी आणि त्याची मावससासू एका वर्गात होत्या हे सिद्ध होतं. मग वाडा राहतो बाजूला, तर्री-पोहे खाऊन तुम्ही घरी परतता. नातं मात्र लागलेलं असतं.

आमची आत्या या शास्त्रातली अखेरची अधिकारी व्यक्ती. वय चौऱ्याऐंशी, राहणं गांधी गेटजवळच्या एका बोळात, कान तिखट, गुडघे रजेवर. दारात माणूस दिसला की "काय काम आहे?" असं ती विचारत नाही. "कोणाचा रे तू?" असं विचारते. सिलिंडर आणणाऱ्या पोराचं मूळ तिने उमरेडपर्यंत मागे नेऊन ठेवलं आहे. अशा बाईसमोर टीव्ही ठेवला तर काय होणार? टीव्हीतल्या माणसांनाही तिने तोच प्रश्न विचारला.

आम्हाला वाटायचं, वयामुळे तिचा मालिकांचा घोळ होतो. ती एकीची सासू दुसरीला लावायची, तिसरीचा नवरा चौथीच्या माहेरी पाठवायची. डोळ्यांना नीट दिसत नसेल म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणलं. घोळ तोच राहिला, फक्त तो आता तिला जास्त स्वच्छ दिसू लागला. मग एका रविवारी तिने मला समोर बसवून सगळं सांगितलं, तेव्हा कळलं की घोळ आमच्या डोक्यात होता. आत्याचा हिशेब चोख होता. तिच्या लेखी सगळ्या मालिका ही एकाच गावाची गोष्ट होती. वाहिन्या म्हणजे त्या गावातल्या गल्ल्या.

सुरुवात चिमणरावापासून झाली. आत्या फार वर्षांपूर्वी नणंदेच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेली होती, तेव्हा तिने मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव गुंड्याभाऊ' पाहिलं. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुढे २००१ साली अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली आणि पांढऱ्या केसांचे आबा पडद्यावर आले. आत्या ताडकन म्हणाली, "हा तर चिमणराव!"

"आत्या, नट तोच आहे. पात्र वेगळं."

"ते मला नको सांगू. माणूस रिटायर झाला की केस पिकतात, अन् मुलाकडे राहायला जातो. यात वेगळं काय?"

"आणि आडनाव?"

"दत्तक गेला असेल."

महालात दत्तक हा शब्द कुणी हलक्याने घेत नाही. १८५३ साली तिसरे रघूजीराजे निपुत्रिक वारले, डलहौसीने दत्तक मानला नाही आणि पुढच्याच वर्षी नागपूरचं राज्य खालसा झालं. तेव्हापासून या भागात दत्तकाला नकार देणारा माणूस थेट कंपनी सरकारचा हस्तक ठरतो. मी गप्प बसलो. टिपऱ्यांचं दत्तकविधान मंजूर झालं.

त्याच २००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' सुरू झाली. चार दिवस म्हणता म्हणता ती तीन हजारांवर भाग चालली आणि २०१३ मध्ये संपली. तिच्यात रोहिणी हट्टंगडी आशालता देशमुख. आता, या रोहिणीबाई १९८२ च्या 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा होत्या. आणि प्रभावळकर २००६ च्या 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी झाले. आत्याने दोन्ही चित्रपट पाहिले, बोटांवर हिशेब केला आणि निकाल दिला : "म्हणजे आबांची बायको आशालता."

"अगं, ती देशमुखांच्या घरातली!"

"म्हणूनच तर आबा मुलाकडे राहतात. पटलं नसेल. तो ह्या च्यानलवर, ती त्या च्यानलवर. उगाच कोर्टकचेरी नाही, तमाशा नाही. शिक बापा काही."

इतका समंजस घटस्फोट एकाही मालिकेत मी पाहिलेला नाही.

पण नुसत्या सोयरिकी जुळवून विश्व चालत नाही, तिथे गुन्हेगारही लागतात. 'लागिरं झालं जी' २०१७ साली आली. साताऱ्याकडचा अज्या, त्याची शीतली, आणि दोघांच्या वाटेत आडवा येणारा भैय्यासाहेब. ती मालिका २०१९ मध्ये संपली. २०२० मध्ये 'देवमाणूस' आली, तर भैय्यासाहेब झालेले किरण गायकवाडच गळ्यात स्टेथोस्कोप घालून डॉक्टर अजितकुमार म्हणून हजर. वरून देव, आतून बोगस डॉक्टर, आणि माणसं मारण्यात निष्णात. मी आत्याला सांगून पाहिलं की दोन्ही मालिकांच्या निर्मात्या श्वेता शिंदे, म्हणून नटही तोच घेतला असेल. आत्याने हात झटकला. "घेतला कशाला म्हणतोस? त्याला तिकडे कुणी विचारेना, म्हणून गाव बदलून दवाखाना थाटला. मला पहिल्याच दिवशी ओळखू आला. गावातल्या एकालाही आला नाही, कारण कुणी विचारलंच नाही, कोणाचा रे तू म्हणून!"

यावर मी माझ्या मते बिनतोड सवाल टाकला. सगळं एकच गाव असेल, तर सीआयडीवाले कुठे होते? एसीपी प्रद्युम्नांनी बोटं फिरवत "कुछ तो गडबड है" म्हणायचं, दयाने लाथ मारून दवाखान्याचं दार तोडायचं. विषय दोन भागांत मिटला असता. आत्याने सुपारी कातरत शांतपणे विचारलं, "सीआयडी बंद कधी झालं?"

२०१८ च्या ऑक्टोबरात.

"अन् हा डॉक्टर कधी आला?"

२०२० च्या ऑगस्टमध्ये.

"मग? मोकळं रान मिळालं त्याला. वीस वर्षं ती माणसं होती तोवर हिंमत होती का कुणाची?"

मी त्या दिवशी चहा न पिताच घरी आलो. एवढा सुसंगत तर्क मी कुठल्याही चौकशी आयोगाच्या अहवालात वाचलेला नाही.

या गावातला काळही आपल्या काळासारखा सरळ चालत नाही. 'रात्रीस खेळ चाले'मध्ये २०१६ साली अण्णा नाईक पहिल्याच भागात मेले आणि २०१९ च्या दुसऱ्या पर्वात जगायला लागले, शेवंतेसकट. आत्याला यात काही वावगं वाटलं नाही. "कोकणात होतं तसं," एवढंच म्हणाली. 'माझ्या नवऱ्याची बायको'तल्या शनायाचा चेहरा मध्येच बदलला, आणि पुढे जुना चेहरा परत आला. आमच्याकडे यावर मोठी चर्चा झाली. आत्याचं म्हणणं, बाळंतपणानंतर बाई ओळखू येत नाही, ही तर नुसती पार्लरमध्ये गेली होती.

त्या मालिकेची गोष्ट वेगळीच. तिची नायिका राधिका आपल्या नागपूरची. मुंबईच्या उच्चभ्रू सोसायटीत राहून ती खणखणीत नागपुरी बोलायची, नवऱ्याने दगा दिला तर मसाल्यांचा धंदा उभा करून त्याच्याच नाकावर टिच्चून मोठी झाली. साऱ्या महाराष्ट्राने तिचं कौतुक केलं. महालाने मात्र मूळ मुद्द्याला हात घातला : नागपूरची म्हणजे नेमकी कुठली? धरमपेठेची की महालातली? आमच्या बोळात यावर दोन तट पडले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, मुंबईत एवढा मोठा फ्लॅट म्हणजे धरमपेठच. आत्याने एका वाक्यात निकाल लावला : "धरमपेठेची असती तर मसाला विकत आणला असता." तेव्हापासून राधिका आमच्या शेजारची. तिचे हाल सुरू असताना आत्या दोन दिवस नीट जेवली नव्हती. "पोरीच्या माहेरचं कुणी कसं गेलं नाही," हा प्रश्न तिने आम्हाला अशा नजरेने विचारला, की जणू आम्हीच रिझर्व्हेशन करायचं विसरलो होतो.

तसं पाहिलं तर आत्या एकटी नाही. वाहिन्याही हेच करतात, फक्त आत्या ते फुकट करते. २०१२ मध्ये सोनी वाहिनीने 'सीआयडी' आणि 'अदालत' यांना एकमेकांसमोर उभं केलं. आता मराठीत दर थोड्या दिवसांनी 'महासंगम' असतो : दोन मालिकांतली दोन घरं एका लग्नाला येतात आणि एक तास त्यात जातो. झी मराठीच्या पुरस्कार सोहळ्यात तर सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट कुटुंब अशी बक्षिसं असतात. वर्षभर एकमेकांच्या दुधात विष कालवणाऱ्या बायका एका रांगेत बसून टाळ्या वाजवतात. आत्या तो सोहळा कधी चुकवत नाही. तो तिचा जनगणनेचा दिवस.

आणि नागपूरकराला महासंगमाचं नवल ते काय? तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे काळी मारबत आणि पिवळी मारबत अशा दोन पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात, वाटेत त्यांची गाठ पडते आणि ती पाहायला अख्खं शहर लोटतं. सोबत बडग्यांचे पुतळे असतात, त्यांत त्या वर्षीची महागाई, भ्रष्टाचार आणि जे कुणी लोकांच्या डोळ्यांवर आलं असेल ते. काळी मारबत म्हणजे इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या भोसल्यांच्या बाकाबाई, असं सांगतात. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. "इडा पिडा घेऊन जा" म्हणत खलनायिकेला जाळायचं, आणि पुढच्या वर्षी तीच पुन्हा तेवढ्याच ताठ मानेने उभी. "हे जमलं का तुमच्या कोणत्या च्यानलला?" आत्या विचारते. नाही जमलं. जास्तीत जास्त अण्णा नाईकांना जमलं.

हे सगळं विश्व जन्मलं कसं, याचा मी बराच विचार केला. उत्तर वाड्यात आहे. वाड्यात टीव्ही एकच होता, आमच्या ओसरीवर. त्यासमोर चार बिऱ्हाडं, बावीस माणसं. ऐन मोक्याला वीज जायची. नायिकेने दार उघडलं, आणि अंधार. मग दारामागे कोण होतं ते दुसऱ्या दिवशी नळावर ठरायचं. ज्या काकूंनी दुसऱ्या वाड्यात जाऊन पाहिलं त्या एक सांगायच्या, ज्यांनी पाहिलं नाही त्या जास्त खात्रीने दुसरं सांगायच्या. या गोष्टीतलं भोक त्या गोष्टीच्या ठिगळाने बुजवलं जायचं. महिन्याभरात सगळ्या मालिकांची मिळून एक गोधडी झालेली असे, आणि ती पांघरून बावीस माणसं सुखाने झोपत.

आता बावीस माणसांचे बावीस फोन आहेत. माझा मुलगा कोरियातली मालिका पाहतो, मुलगी तुर्कस्तानातली, बायको कानात बोंडं घालून काय पाहते ते विचारायची सोय नाही. मी मधूनच हसतो, ते का हसलो हे घरात कुणाला कळत नाही. वीजही जात नाही. मागच्या रविवारी सगळे आत्याकडे गेलो, तर चौघं चार भिंतींना टेकून चार गोष्टी पाहत बसलो. आत्याने आळीपाळीने चौघांच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. "ह्या कोरियातल्या पोरीची मावशी कोण?" कुणाला माहीत नव्हतं. "म्हणजे तुम्ही पाहून काय राहिले मग?"

तिला बरं वाटावं म्हणून मी एक अमेरिकन गोष्ट सांगितली. तिकडे 'सेंट एल्सव्हेअर' नावाची मालिका होती, बोस्टनमधल्या एका हॉस्पिटलची. तिच्यातले डॉक्टर एकदा 'चिअर्स' या दुसऱ्या मालिकेतल्या बारमध्ये जाऊन बसले होते. १९८८ साली तिचा शेवटचा भाग झाला, त्यात टॉमी वेस्टफॉल नावाचा एक स्वमग्न मुलगा हातात काचेचा गोळा घेऊन बसलेला दिसतो. गोळा हलवला की आत बर्फ भुरभुरतं, आणि त्या बर्फात हॉस्पिटलची छोटीशी इमारत. म्हणजे ती अख्खी मालिका त्या पोराच्या डोक्यात होती! मग लोकांनी हिशेब मांडला. हे डॉक्टर ज्या मालिकांत डोकावले त्याही टॉमीच्याच डोक्यातल्या. त्या मालिकांतली माणसं आणखी जिकडे गेली त्याही. मंच नावाचा एक डिटेक्टिव्ह तर कितीतरी मालिकांतून हिंडला. असं करत करत शेकडो मालिका त्या एका पोराच्या नावावर लागल्या.

मला वाटलं, आत्या खूश होईल. सातासमुद्रापार तिचा एक जोडीदार सापडला. तिने सुपारी खाली ठेवली.

"पोरगा कोणाचा?"

"डॉक्टरचा. म्हणजे मालिकाभर त्याचे वडील त्या हॉस्पिटलात मोठे डॉक्टर असतात. पण शेवटी कळतं की ते डॉक्टर नाहीतच. इमारतीच्या बांधकामावर कामाला असतात."

आत्या माझ्याकडे पाहत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर तो उजेड आला, जो महालात नातं लागल्यावरच येतो.

"डॉक्टर नाहीच?"

"नाही."

"बोगस?"

"तसं... म्हणजे हो."

"अन् तुम्ही म्हणता, हा भैय्यासाहेब साताऱ्याचा!"

"आत्या, ती मालिका १९८८ ची! किरण गायकवाड तेव्हा असेल-नसेल."

"तो नाही रे, त्याचा बाप. घराण्यातच आहे ते." तिने पुन्हा अडकित्ता हातात घेतला. चारही फोन बंद झाले होते. माझी मुलगी सरकून तिच्या मांडीजवळ आली होती. आत्याने सुपारीची एक खांड तिच्या हातावर ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पण पोरगं गुणी दिसून राहिलं. एवढा पसारा एकट्याने डोक्यात ठेवणं सोपं नाही. त्याची आई कोण, ते शोधून ठेव. तिच्याकडून लागत असेल आपल्याशी."