कच्चे तेल, पक्का वेल्डर

आखाती देशांचे कच्चे तेल जवाहर द्वीपाच्या धक्क्यावर उतरते आणि समुद्राखालच्या नळांतून माहुलच्या रिफायनऱ्यांत पोहोचते. त्याला जामीनदार लागत नाही. उलट दिशेने जाणाऱ्या वेल्डरला मात्र कफील लागतो. कफाला पद्धतीत त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मालकाच्या नावाला बांधलेला असतो. नोकरी गेली की परवान्याचे दिवस भरत येतात. सौदीत तर थकलेला पगार मागत कामगार बाहेर पडला, की मालक ‘हुरूब’, म्हणजे पळाल्याची नोंद करू शकतो. पासपोर्ट मालकाच्या कपाटात असताना माणूस पळाला कसा, याला त्या अर्जात रकाना नाही. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या ना-हरकतीची अट काढली. मालकांच्या मनातून ती निघायची आहे.

भारताच्या बाजूने १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. एजंटाने ३०,००० रुपये आणि जीएसटी इतकेच घ्यायचे. वरचे अर्थातच पावतीविना. प्रवासी भारतीय विमा योजनेत २७५ रुपयांत दोन वर्षांचे संरक्षण मिळते. अपघाती मृत्यूला १० लाख. दोष नसताना नोकरी गेली, तर परतीचे साधे तिकीट, तेही दूतावासाच्या दाखल्यावर. हयात माणसाचा भाव एकूण कमीच. बुडालेल्या पगाराचा दावा तिथल्याच कामगार न्यायालयात लावावा लागतो, त्यामुळे करार, इकामा आणि पगाराच्या स्लिपांचे फोटो वेळेत घरी पाठवलेले बरे.