किती हेड आहे?

घरात मोठी मत्स्यटाकी बाळगणाऱ्यांचे दोन प्रकार. पहिल्याला मासे आवडतात, दुसऱ्याला पंप. पहिला निरुपद्रवी असतो. पाहुण्याला "ही एंजल, तो ऑस्कर" एवढं सांगून चहाकडे वळतो. दुसरा पाहुण्याला मासे दाखवतच नाही. तो टाकीखालच्या कपाटाचं दार उघडतो, तुम्हाला उकिडवं बसवतो, आतल्या काळोखात बॅटरी मारतो आणि विचारतो, "येतोय आवाज?" तुम्ही नाही म्हणालात की उजळून म्हणतो, "तेच तर!"

आमच्या इमारतीत असे एक आहेत. पोरं त्यांना टाकीकाका म्हणतात. टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ भरली तर 680 लिटर, म्हणजे नुसतं पाणीच पावणेसात क्विंटल. वर जाड काच, वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड. काकांनी हा हिशेब कौतुकानं जिन्यात सांगितला, तेव्हापासून खालच्या मजल्यावरच्यांचा सोफा भिंतीला चिकटलेला आहे.

टाकी एका दुपारी ठरली. मासे काकूंनी निवडले, भाजी घ्यायला लागतो त्याहून कमी वेळात. पंपाला मात्र काकांनी अख्खा पावसाळा घेतला.

वास्तविक हिशेब सोपा होता. गोड्या पाण्याच्या टाकीतलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरावं, असा या छंदातला ठोकताळा. दगड-वाळू वजा जाता पाणी 600 लिटर, गुणिले पाच, म्हणजे तासाला 3000 लिटर. खोक्यावर 3000 छापलेला पंप कुठल्याही दुकानात मिळतो. तुम्ही-आम्ही तो पिशवीत घालून घरी आलो असतो. काका कुर्ल्याला गेले, क्रॉफर्ड मार्केटला गेले, आणि प्रत्येक गल्ल्यापुढे तोच संवाद झाला.

"किती हेड आहे?"

"तीन मीटर, काका. वरच्या मजल्यावर पाणी चढवेल."

"तीन मीटरवर किती लिटर देईल?"

"तीन हजार! लिहिलंय ना."

"शून्य!" काका गरजत. "तीन मीटरवर शून्य देईल!"

पंचाईत अशी की काकांचं बरोबर होतं. खोक्यावरचा लिटरचा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसतानाचा असतो. हेडचा आकडा म्हणजे ज्या उंचीला धार पार आटते ती उंची. दोन्ही खरे, पण एकाच वेळी कधीच नाहीत. काकांचा फिल्टर खालच्या कपाटात. तिथून पाणी साडेचार फूट वर जायचं, वाटेत पाइपाची वळणं, प्रत्येक वळणाला जोर कमी. म्हणजे खोक्यावरच्या 3000चे वर पोचेपर्यंत जेमतेम निम्मे. काका खिशातून आलेख काढत. दुकानदार मागच्या गिऱ्हाइकाला गप्पी दाखवायला लागे. बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालायला जगात कुणालाच वेळ नसतो, ही गोष्ट या जमातीला शेवटपर्यंत उमगत नाही.

घरी प्लंबर आला. त्यानं सवयीनं पाऊण इंची पाइप काढला. काकांनी तो हातातून काढून घेतला. "एक इंची! आणि नव्वद अंशाचा एल्बो नको, पंचेचाळीसचे दोन लाव."

"काका, पाणी येणार तर तेवढंच."

यावर काकांनी त्याला स्टुलावर बसवून घर्षण समजावलं. त्यानं अर्ध्या दिवसाची मजुरी जास्त लावली.

पंप आला. महाग, वजनदार, खोक्यावर 6000. काकांनी वीस लिटरची बादली आणि स्टॉपवॉच घेऊन परीक्षा घेतली. बादली भरायला चोवीस सेकंद लागले. तासाला बरोबर 3000! दहावीच्या निकालाला मुलाला मिळाली नव्हती एवढी शाबासकी त्या पंपाला मिळाली. मग बाकीच्या शंका निघाल्या. पंप गुणगुणतो का? खाली रबराची चटई घातली. वीज किती खातो? चाळीस वॉट, चोवीस तास, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक युनिट. हा आकडा काकूंपर्यंत पोचू नये म्हणून वीजबिल काका स्वतः भरू लागले.

काकूंनी निवडल्या होत्या चार एंजल. हा मासा दिसायला पतंगासारखा, उंच आणि चपटा. मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, तिथल्या संथ पाण्यात राहणारा. तासाला पाच वेळा टाकी ढवळून निघायला लागल्यावर चारही एंजल एका दगडामागे जाऊन उभ्या राहिल्या आणि खाणंसुद्धा तिथेच मागू लागल्या. काकू म्हणाल्या, "अहो, वाऱ्यात छत्री धरून उभं राहावं तशा दिसतात त्या." काकांनी पंपाचा वेग कमी केला का? छे. त्यांनी दगड वाढवले.

वीज गेली की बाकीची इमारत मेणबत्त्या शोधते. काका टॉवेल घेऊन कपाटापुढे बसतात. पंप थांबला की वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली यायला लागतं आणि कपाटातली फिल्टरची टाकी भरून वाहू शकते. त्यावर उपाय म्हणजे पाइपाला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक. पातळी भोकाखाली गेली की पाइपात हवा शिरते आणि प्रवाह तुटतो. भोक काकांनी स्वतः पाडलंय. ते काम करतं. तरी टॉवेल असतोच, कारण या माणसांचा विज्ञानावर विश्वास असतो, भोकावर नसतो.

शेजारच्या विंगेत एक गृहस्थ कूलरची स्वस्तातली मोटर टाकून ऑस्कर पाळतात. मोटर बंद पडत नाही, ऑस्कर मरत नाहीत. त्यांचा विषय काकांपुढे काढू नये. मी काढला होता. "शॉक लागेल त्यांना एक दिवस," असं म्हणताना काकांच्या आवाजात काळजीपेक्षा आशा जास्त होती.

काकूंनी मात्र गॅलरीत एका जुन्या टबात गप्पी सोडल्या आहेत, डासांच्या अळ्या खायला महापालिका सोडते त्याच. ना फिल्टर, ना पंप, एक जलपर्णी आणि सकाळचं ऊन. सहा गप्पींच्या किती झाल्या ते मोजता येत नाही. काकांना हे शास्त्रशुद्ध कळतं. उथळ पसरट पाणी, मासे चिमुकले, पृष्ठभागावरून प्राणवायू भरपूर. कळतं, पण बघवत नाही. परवा ते मोजपट्टी घेऊन गॅलरीत गेले आणि टबापासून कठड्यापर्यंतची उंची घेऊ लागले. काकूंनी आतून कडी लावून घेतली.