सेवेला डोंगरच लागतो

सोलापूर जिल्हा सपाट. डोंगर म्हणून दाखवायचाच झाला तर बार्शीकडे बालाघाटाची शेपटी आहे, पण पाहुण्याला ‘तो बघा डोंगर’ असं बोट करून सांगावं लागतं. त्यामुळे इथल्या माणसाला सेवेची हुक्की आली की पहिली अडचण भूगोलाची येते. सपाटीवर सेवा होत नाही. झाली तरी फोटोत दिसत नाही.

म्हणून आमच्या मंडळीच्या तरुण संघाने यंदा नाताळच्या सुट्टीत ‘मिशन ट्रिप’ काढली ती थेट सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात. सोलापूरपासून सहाशे किलोमीटरच्या आसपास. हे खूळ फक्त चर्चचं आहे असं कोणी समजू नये. क्लबवाले जातात, कॉलेजवाले जातात, बुवांचे भक्तही जातात. कोणी मेळघाटात, कोणी सातपुड्यात. दिवाळीनंतर दुर्गम भागात इतकी वर्दळ असते की त्याला दुर्गम म्हणायची चोरी झाली आहे.

निघण्याआधी सभा झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, वडीलजनांनी खर्च विचारला आणि महिला मंडळाने ‘तिकडं पोरांना काय मिळतंय कुणास ठाऊक’ म्हणत कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. टी-शर्ट मात्र सगळ्यांच्या आधी छापून आले होते. छातीवर वचन, पाठीवर प्रायोजक सराफ. सामानात चादरींचा गठ्ठा, टूथब्रशची खोकी, रंगाचे डबे आणि ‘पाणी हेच जीवन’ या पथनाट्याचा ढोल. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हाला आहेच. फक्त ते नाटक आम्ही डोंगरावर, हंडा घेऊन दीड तास चालणाऱ्या बायांसमोर करतो.

मुदत पाच दिवसांची. त्यात जाणं-येणं दोन.

आता हे सोलापुरात घडावं याची मौज वाटते, कारण मिशन म्हणजे काय हे या गावाने दोन्ही अंगांनी पाहिलं आहे. अमेरिकन मराठी मिशनची माणसं इथे आली ती एकोणिसाव्या शतकात. लोरिन गेट्ससारखे लोक या उन्हात वर्षानुवर्षं राहिले, शाळा काढल्या, दुष्काळात आणि प्लेगात राबले. त्यांनी केलेलं सगळंच गोड मानायचं कारण नाही. ‘गुन्हेगार जमाती’ म्हणून माणसांना तारेच्या कुंपणात कोंडून जिथे हजेरी घेतली जाई, त्या सेटलमेंटच्या कारभारातही मिशनचा हात होता. पण चांगलं-वाईट जे केलं त्याच्या शेजारीच त्यांना राहावं लागलं.

आणि इथून गेलेला माणूस म्हणजे द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला निघालं, त्यात हा सोलापूरचा तरुण होता. बाकीचे चौघे यथावकाश परतले. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात राहिले, चिनी शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि 9 डिसेंबर 1942 ला, अवघ्या 32 व्या वर्षी, तिथेच गेले. आमच्या तरुण संघाने प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकासमोर ग्रुप फोटो काढला. वर मजकूर टाकला: ‘त्यांच्या पावलावर पाऊल’. बुकिंग अर्थात जाऊन-येऊन.

पोचल्यावर पहिलं काम शाळेची भिंत रंगवणं. भिंत आधीच रंगवलेली निघाली. पुण्याच्या एका गटाने हत्ती काढला होता, हत्तीखाली नाशिकच्या गटाचं इंद्रधनुष्य डोकावत होतं, आणि पोपडा निघाला होता तिथे आणखी कोणाची तरी ए-फॉर-ॲपल. गुरुजी अनुभवी. त्यांनी रंग संपेपर्यंत खुर्ची टाकून दिली आणि शेवटी हळूच विचारलं, ‘पत्र्याचं काही बघता का? पावसाळ्यात गळतो.’ पत्रा बजेटात नव्हता. शिवाय पत्रा वर असतो, भिंत समोर असते.

मग दात घासण्याचं प्रात्यक्षिक. शिकवणाऱ्या दोघांचे दात माव्याने वीटकरी झालेले, शिकणाऱ्या म्हाताऱ्याचे बत्तीसच्या बत्तीस जागेवर. त्याने ब्रश उलटसुलट करून पाहिला आणि नातवाला खेळायला दिला. संध्याकाळी उपासना झाली. आमची गिटारवरची तीन गाणी संपली, आता शुभवर्तमान सांगावं म्हणून आमचा वक्ता उभा राहिला, तर गावातली दहा-पाच ख्रिस्ती घरं त्यांच्या बोलीत जी गायला लागली ती मध्यरात्रीपर्यंत थांबेनात. वक्ता उभ्याउभ्या पेंगला. जेवायला मक्याची भाकर, अंबाडीची भाजी आणि पाहुण्यांसाठी कापलेली कोंबडी. अंगणातली ती बहुधा शेवटची. दुसऱ्या दिवशी गावाला उठवायला कोणी आरवलं नाही.

तिसऱ्या दिवशी चादरवाटप. रांगेत म्हातारी माणसं आणि पोरं तेवढी. तरणे हात दिसेनात. अहवालात लाभार्थी ‘सर्व वयोगटांतील’ लिहायचे असल्याने सेक्रेटरी अस्वस्थ झाला. त्याने त्या बत्तीस दातवाल्या म्हाताऱ्याला विचारलं, ‘बाबा, बाकी लोक कुठं आहेत?’

‘ऊस तोडायला. काही गुजरातेत. माझा पोरगा आणि सून तुमच्याकडेच गेलीत, सोलापूरला.’

म्हणजे आम्ही ज्यांची सेवा करायला सहाशे किलोमीटर चढून गेलो, ते आमची सेवा करायला सहाशे किलोमीटर उतरून आधीच आले होते. सातपुड्यातले आले, त्यांच्या कितीतरी पट बीडचे, बालाघाटातले. दर दिवाळीनंतर येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तोड. पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत वाकून शिरायचं, पहाटे तीनला फडात जायचं, बाईने डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, वर दिवस मावळायच्या आत वाढे विकून मीठ-मिरचीपुरते पैसे काढायचे. एक दिवस आजारी पडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. खाडा पडू नये म्हणून गर्भाशय काढून टाकलेल्या बीडच्या बायकांची बातमी 2019 साली देशभर गाजली. तेव्हा आमच्याकडेही चर्चासत्र झालं, चहा-बिस्किटासह. जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की कुठल्याही रस्त्याने शहराबाहेर पडा, कोप्या दिसतातच. आमची गाडीही जाताना त्यांच्याशेजारून गेली होती. आत गाण्यांच्या भेंड्या चालल्या होत्या, आणि पुढच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर बाजू देत नाही म्हणून ड्रायव्हर त्याच्या मागच्या पिढ्या काढत होता.

परत आल्यावर आढावा बैठक झाली. तरुण संघातल्या एका मुलीने, तिला अजून अनुभव कमी आहे, ठराव मांडला: पुढच्या वर्षी ट्रिप काढूच नये, डिसेंबर ते मार्च दर रविवारी उपासनेनंतर जवळच्या कारखान्यावरच्या कोप्यांवर जावं, पोरांना शिकवावं, एखादी डॉक्टरीण बरोबर न्यावी.

बैठकीत शांतता पसरली. एका वडीलजनांनी विचारलं, ‘मुक्काम?’ मुक्काम नाही. ‘टी-शर्ट?’ लागणार नाहीत. खजिनदार म्हणाले, जायला-यायला शंभर रुपयांचं पेट्रोल लागणार असेल तर त्यासाठी देणगी कोणत्या तोंडाने मागायची? सेक्रेटरीने शेवटी सौम्यपणे समजावलं की विषय चांगला आहे, पण दर रविवारी म्हटल्यावर ती माणसं आपल्याला नावाने ओळखायला लागतील. पुढे कधी कारखान्याकडे पैसे थकले, कोणाला मारहाण झाली, तर ती थेट चर्चच्या दारात येऊन उभी राहतील. डोंगरावरच्यांचं तसं नसतं.

ठराव मागे घेण्यात आला. पुढच्या वर्षासाठी मेळघाट आणि लडाख अशी दोन नावं पुढे आली असून लडाखला बहुमत आहे.